सवतींचा नियम

जंतूला डोळे नसतात.

तुळजापूरहून धाराशिवला जाणारी पावणेनऊची एसटी नऊला निघते. वाहक तिला पावणेनऊचीच म्हणतो.

"हात ढिला सोड, बाय. हात तुझा न्हाय, माझा हाय आसं समज."

काचेची बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. वाढली म्हणायचं.

दोन सवती शेजारी ठेवायच्या नाहीत. एक उत्तरेला, एक दक्षिणेला.

चोवीस मिलिमीटर.

पेनिसिलिन चालत नाही. हे लाल शाईत, खाली दोन रेघा मारून.

सोलापूरहून मोठ्या प्लेटा आल्या नाहीत.

*

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं. नीला तिचं नाव. वय चोपन्न. तुळजापुरातच माहेर, तुळजापुरातच सासर, आणि सव्वीस वर्षं नोकरी धाराशिवातल्या एका खासगी लॅबमध्ये. पू, लघवी, थुंकी, रक्त, माणसाच्या अंगातून जे बाहेर येतं आणि डबीत मावतं ते तिच्या टेबलावर येतं. त्यात कुठला जंतू आहे आणि तो कशानं मरतो, एवढंच तिनं सांगायचं. सांगून सांगून ती दमली होती. रविवारी दुपारी झोपलं की उतरतो तसला थकवा नव्हता तो. टॉवेल वर्षानुवर्षं वापरला की एक दिवस पाणी टिपेनासा होतो. दिसायला टॉवेलच असतो. तशी.

काम असं. आगर नावाची खळ प्लेटमध्ये ओतून थिजवतात. तिच्यावर पेशंटचा जंतू कापसाच्या बोळ्यानं सारवायचा, अंगण सारवावं तसा, एकही जागा कोरडी न ठेवता. मग औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या चकत्या चिमट्यानं त्यावर ठेवायच्या. चकती टिकलीएवढी. प्लेट उबेत ठेवून घरी जायचं. सकाळी सगळीकडं जंतूंनी साय धरलेली असते. ज्या औषधाला जंतू मरतो, त्याच्या चकतीभोवती मात्र साय नसते, स्वच्छ गोल असतो. पट्टी लावायची, गोल मोजायचा, तक्त्यात बघायचं आणि लिहायचं: चालेल. किंवा: चालणार नाही.

सवतींचा नियम थोरल्या डॉक्टरांचा. त्यांनीच ही लॅब काढली आणि त्यांनीच नव्याण्णव साली नीलाला चिमटा धरायला शिकवला. "नीलाताई," ते म्हणाले होते, "काही औषधं जंतूच्या अंगात एकाच पाटावर बसतात. त्या सवती. शेजारी ठेवल्या की एकमेकींच्या गोलात घुसतात, मग माप घेता येत नाही. एकीला उत्तर द्यायची, एकीला दक्षिण." एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन या त्यातल्या दोघी. चकत्यांवर छापलेलं असतं ई-१५ आणि सीडी-२, म्हणून लॅबमध्ये त्यांना तेवढंच म्हणतात.

थोरले डॉक्टर गेले. त्यांचा मुलगा अमरसिंह शिकून आला आणि वडिलांच्या खुर्चीत बसला. नियम राहिला. नीलाच्या प्लेटा इतक्या देखण्या असत की चकत्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा फोटो काढून घेऊन गेला. बारा चकत्या, घड्याळाच्या बारा आकड्यांसारख्या. ई-१५ बारावर, सीडी-२ सहावर.

*

हमिदाबी मणेर तुळजापुरात महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर बांगड्या भरते. सत्तरीची आहे. हिरवा चुडा भरायला नवरात्रात तिच्याकडं रांग लागते, आणि रांग दुकानासाठी नसते, हमिदाबीच्या उजव्या अंगठ्यासाठी असते. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, बोटं जुळवायची, तिच्या अंगठ्याच्या मुळाशी जे हाड आडवं येतं ते आपल्या अंगठ्यानं आत दाबायचं आणि त्या एका क्षणात बांगडी वरून सरकवायची. दाबायचं किती ते डोळ्यांना कळत नाही. अंगठ्याला कळतं.

आषाढात त्या अंगठ्यात काच गेली. तिनं सुईनं काढली, हळद दाबली. काढली तेवढीच काच होती की अजून थोडी, कुणाला माहीत. पंधरा दिवसांत अंगठा वांग्यासारखा झाला. मुलगा आयुब तिला धाराशिवला डॉक्टर शिवप्रियांकडं घेऊन आला. त्या हाडांच्या डॉक्टर. त्यांनी फोटो काढला, म्हणाल्या, हाडाला लागलंय. पू काढून डबीत घातला आणि डबी लॅबमध्ये पाठवली. डबीच्या मागोमाग हमिदाबी स्वतःच खिडकीशी आली.

"आगं नीलाबाय! तू हितं पू बगाय येतीस व्हय? मला वाटलं कुठं कलेक्टरच्या हापिसात आस्तीस. येवढी कडक साडी नेसून जातीस रोज."

"पूच बघते, हमिदाबी. सव्वीस वर्षं झाली."

"अल्ला. मग माजा नीट बग. नवरात्र आलं म्हयन्यावर. डाव्या हातानं भराय लागले तर बाया रडत घरी जात्याल."

"तुम्ही उजव्यानं भरता तेव्हाही रडतातच की."

"ते येगळं. हात आसतोय दोन-सहाचा आन् बांगडी मागत्यात दोन-चारची. त्यात माजा काय गुन्हा?"

आयुब हसला. नीलाही हसली. हमिदाबीनं डबीकडं बोट केलं, म्हणजे करायला गेली, आणि अंगठा खिडकीच्या चौकटीला लागला. मग कुणी हसलं नाही.

नीलानं जंतू वाढवला, ओळखला. स्टॅफिलोकोकस, कातडीवर राहणारा, नेहमीचा. सारवला, चकत्या ठेवल्या, सकाळी मोजल्या. ई-१५ भोवती गोलच नाही, चालणार नाही. सीडी-२ भोवती चोवीस मिलिमीटरचा सुरेख गोल, चालेल. हमिदाबीला पेनिसिलिनचं वावडं, एकदा इंजेक्शननं अंगावर गांधी येऊन घसा बंद झाला होता, म्हणून त्या घराण्यातली सगळी औषधं बाद. हाडात शिरणारं आणि पोटातून घेता येणारं एवढं हे एकच बरं उरत होतं.

नीलानं लिहिलं, चालेल. अमरसिंहनी सही केली. ऑगस्टची चौदा तारीख होती.

*

(रिपोर्टला असं कधी वाटत नाही की आपण कुणाचा अंगठा आहोत.)

*

तीन आठवडे हमिदाबीनं क्लिंडामायसिन न चुकता घेतलं. पहिल्या आठवड्यात सूज उतरली. दुसऱ्यात होती तिथंच राहिली. तिसऱ्यात अंगठा पुन्हा फुटला आणि वाहायला लागला. पुन्हा डबी आली.

त्या आठवड्यात सोलापूरहून मोठ्या प्लेटा आल्या नव्हत्या. लहान होत्या, तळहाताएवढ्या. त्यावर बाराच्या जागी सहाच चकत्या बसतात आणि त्याही दाटीनं, एसटीत तिघांच्या बाकावर चौघं बसावीत तशा. नीलाला ते बघवत नव्हतं. चिमट्यानं तिनं जमेल तेवढं अंतर काढलं, पण संध्याकाळची गाडी होती, घोटे सुजले होते. शेवटची चकती सीडी-२ ची. जागा उरली होती ती ई-१५ च्या शेजारी. तिथं ठेवली, झाकण लावलं आणि निघाली.

सकाळी प्लेट उजेडात धरली तर सीडी-२ चा गोल गोल नव्हता.

तीन बाजूंनी होता. ई-१५ कडच्या बाजूनं सपाट. पितळी बांगडी दाराच्या फटीत सापडून एका अंगानं चेपावी तशी. तिकडच्या बाजूला साय चकतीच्या दिशेनं पुढं सरकलेली होती, जिथं ती असायलाच नको होती तिथं.

नीलाला आधी वाटलं, आपलंच सारवण वाईट. दमलेल्या हाताचं सारवण. पण बाकीची साय एकसारखी होती. तिनं प्लेट फिरवली, परत फिरवली. मग तिला एक चित्र आठवलं. चार वर्षांपूर्वी सोलापुरात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, जेवणानंतरचं सत्र, पंखे सावकाश फिरत होते, पडद्यावर असाच एक चेपलेला गोल होता आणि कुणीतरी त्यावर काठी टेकवून बोलत होतं. काय बोलत होतं ते नीलाला आठवेना, कारण ती पेंगत होती.

तिनं कपाटातलं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग स्टूल ओढून बसून वाचलं.

*

ते असं आहे.

जंतूच्या अंगात प्रथिनं विणणारी यंत्रं असतात, हजारोंनी. ई आणि सीडी ही दोन्ही औषधं त्या यंत्राच्या एकाच खाचेत जाऊन बसतात आणि विणकाम बंद पाडतात. काही जंतूंपाशी यावर तोड असते. एक छोटं प्रथिन बनवायचं, त्यानं त्या खाचेला एक ठिगळ लावायचं, म्हणजे दोघींनाही बसता येत नाही. पण ठिगळ लावणं फुकट नसतं. त्यात ताकद जाते, आणि ठिगळाच्या यंत्राचं नेहमीचं कामही जरा बिघडतं. म्हणून जंतू ते उगाच करत नाही. ठिगळाची कृती लिहिलेला निरोप तो तयार ठेवतो, पण घडी घालून. वाचायला जिथून सुरुवात करायची ती जागाच घडीच्या आत जाते. वर फक्त चार-दोन शब्द राहतात, ज्यांना स्वतःचा काही अर्थ नाही.

आता थोडंसं ई आलं. जीव घेण्याइतकं नाही, चाहूल लागण्याइतकं. एक यंत्र त्या वरच्या चार शब्दांवर चालत असताना ई त्याच्यात शिरतं आणि ते तिथंच अडतं. ते अडल्यामुळं निरोपाची घडी वेगळी पडते. झाकलेली जागा उघडी होते. मागून येणारी, अजून न अडलेली यंत्रं ती वाचतात, प्रथिन तयार होतं, ठिगळं लागतात. आता ई येऊ दे नाहीतर सीडी.

सीडी एकटीच आली तर मात्र असं अडखळणं होत नाही. घडी उघडत नाही. जंतूजवळ उपाय असतो आणि तो तसाच मरतो. प्लेटवर सुरेख गोल पडतो. चोवीस मिलिमीटर.

आणि माणसाच्या हाडात कोट्यवधी जंतू असतात. त्यातल्या एखाद्याच्या निरोपाची घडीच मुळात बिघडलेली असते, कायमची उघडी. सीडी बाकीच्यांना मारते आणि याला रान मोकळं करून देते. पहिल्या आठवड्यात सूज उतरते. तिसऱ्यात परत येते.

जंतूला डोळे नसतात, तरी त्याला कळतं शेजारी कोण आलंय. नीलाला डोळे होते. तिनं सव्वीस वर्षं त्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवलं होतं, माप नीट यावं म्हणून, आणि माप नीट आलं होतं.

तिला त्या जंतूचा राग आला नाही. हाक आल्याशिवाय उठायचं नाही, ताकद वाचवायची, हे तिला फार ओळखीचं वाटलं.

*

अमरसिंहनी प्लेट पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हं. म्हणजे आता रेझिस्टंट झालाय."

"आता नाही, सर. तेव्हापासूनच होता. आपल्याला दिसला नाही."

"ते कसं म्हणता येईल?"

"तीच बाई, तोच अंगठा, तेच ई-१५ ला नाही आणि सीडी-२ ला हो. असं दिसलं की शेजारी ठेवून बघायचं असतं. पुस्तकात आहे."

"बाबा कधीच..." अमरसिंह थांबले. बेचाळीस वर्षांचा माणूस, वडिलांच्या खुर्चीची एक बाजू अजून वडिलांच्या वजनानं दबलेली. "पेशंटनं मध्ये दुसरं काही घेतलं होतं का?"

घेतलं होतं. आयुबनं सांगितलं होतं, खोकला झाला म्हणून मेडिकलवाल्यानं तीन गोळ्या दिल्या. त्या ई च्याच कुळातल्या. घडी उघडायला तेवढ्याही पुरतात. नीलानं हे सांगितलं, आणि सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं की आपण त्यांच्या हातात सुटायची वाट देतोय.

"झालं तर मग," अमरसिंह म्हणाले. "नीलाताई, खोटं नाही लिहायचं आपण. नवीन रिपोर्ट द्या. खाली शेरा टाका." आणि त्यांनी स्वतःच कागद ओढून लिहिला.

*

शेरा, पहिला मसुदा:
*सदर जंतूमध्ये दरम्यानच्या काळात औषधास प्रतिकार निर्माण झाल्याचे दिसते. रुग्णाने अन्य प्रतिजैविक घेतल्याचा इतिहास आहे.*

*

यात खोटं एकही अक्षर नव्हतं, हीच अडचण.

नीलानं शिवप्रिया डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होत्या. तिथल्या सिस्टरनं शेरा निरोप म्हणून लिहून घेतला आणि अर्ध्या तासानं उलटा फोन केला. "मॅडम म्हणाल्या, गोळी बदलते. आधीच्या गोळीनं दोन आठवडे तरी काम केलं असेल ना, म्हणजे आत फार पसरलं नसेल. दहा दिवस नवीन देऊन बघू, नाहीच उतरलं तर उघडू."

"बरं," नीला म्हणाली.

बरं म्हणाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. औषधानं दोन आठवडे काम केलं, ही समजूत त्या शेऱ्यातूनच झाली होती. हाडात तीन आठवडे तो जंतू मोकळा होता, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. दहा दिवस. तेवढ्यात हाडाचं काय होईल ते सांगायला नीला डॉक्टर नव्हती. पण दहा दिवसांत प्लेटवर काय होतं ते तिनं पाहिलेलं होतं.

पुन्हा फोन करायचा होता. संध्याकाळची गाडी लागलेली होती. ती गाडीत जाऊन बसली.

*

घरी तिचा नवरा विष्णुपंत चहा टाकून बसला होता. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. घरात आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा तो तपासून ठेवतो. नीलानं सगळं सांगितलं. त्यानं शेरा दोनदा वाचला.

"वाक्यरचना चांगली आहे डॉक्टरांची."

"मी वाक्यरचना नाही विचारली."

"तू काय लिहिणार आहेस?"

तिनं पर्समधून कागद काढला. गाडीत लिहिलेला, अक्षर खड्ड्यांवरून गेलेलं. *मी दोन चकत्या लांब ठेवल्या म्हणून...*

"‘मी’ काढ," विष्णुपंत म्हणाला. "अहवालात ‘मी’ नसतो. ‘तांत्रिक कारणास्तव’ घाल. म्हणजे तू खरं बोललीस, आणि कुणाच्या अंगावर काही आलं नाही. नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुझी."

*

शेरा, दुसरा मसुदा:
*यापूर्वीच्या अहवालात तांत्रिक कारणास्तव सदर बाब निदर्शनास येऊ शकली नाही.*

*

"हे वाचून काय कळतं तुम्हाला?" नीलानं विचारलं.

विष्णुपंतानं कप खाली ठेवला. तो प्रामाणिक माणूस होता, फक्त सवयीचा होता. "काही नाही," तो म्हणाला. "तेच तर त्यातलं कौशल्य आहे."

"डॉक्टरीणबाईंना कळायला पाहिजे. उद्याच्या उद्या. नाहीतर त्या थांबतील."

"मग सरळ जाऊन सांग की. लिहितेस कशाला?"

चहावर साय धरली होती. नीलानं ती चमच्यानं बाजूला केली, रोज करायची तशी, आणि चहा प्यायली.

*

दुसऱ्या दिवशी ती पावणेनऊच्या नऊच्या गाडीनं गेली, पण लॅबकडं वळली नाही. दवाखान्यात बाकावर वीस मिनिटं बसली. डॉक्टर शिवप्रिया राउंड संपवून आल्या, हातात न सोललेलं केळं. नीलानं मोबाइलमधला प्लेटचा फोटो पुढं केला.

"हा चेपलेला गोल, मॅडम. हमिदाबी मणेर. हा पहिल्याच वेळी दिसला असता. मी चकत्या लांब ठेवते. आम्ही सगळ्यांच्याच लांब ठेवतो, पद्धतच आहे आमची. म्हणून दिसला नाही. त्या गोळीचा तिला तसा उपयोगच झालेला नाही."

"म्हणजे तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. त्या रागावतील अशी नीलाची तयारी होती. राग आला असता तर बरं झालं असतं, राग काहीतरी भरून काढतो. डॉक्टर नुसत्या दमलेल्या दिसल्या, नीलाइतक्याच. वय मात्र नीलापेक्षा वीसेक वर्षांनी कमी.

"आज उघडते," त्या म्हणाल्या. "सिस्टर, आयुबला फोन लावा. उपाशीपोटी आणायला सांगा." मग नीलाकडं वळून: "मला हे लेखी लागेल. तुम्ही आत्ता जे बोललात तेच. दुसरं काही नको."

*

शेरा, तिसरा मसुदा:
*१४ ऑगस्टच्या अहवालात क्लिंडामायसिन चालेल असे लिहिले होते. ते चूक होते. आम्ही दोन चकत्या एकमेकींपासून लांब ठेवल्या, त्यामुळे जंतूचा प्रतिकार दिसला नाही.*

*

‘मी’ चं ‘आम्ही’ झालं ते अमरसिंहनी केलं. नीलाला वाटलं होतं ते कागद फाडतील. त्यांनी पेन काढलं, एक शब्द बदलला, खाली सही केली आणि शिक्का मारला. शिक्का अजून उस्मानाबादचाच होता, बदलायचा राहिला होता.

शिक्का खणात ठेवून ते नीलाकडं वळले.

"आधीचे किती असतील, नीलाताई?"

"माहीत नाही."

"काढता येईल?"

"रजिस्टरमधून ई-१५ ला नाही आणि सीडी-२ ला हो, असे काढता येतील. पण त्यातले खरे कुठले आणि असे कुठले, ते नाही सांगता येणार. प्लेटा आपण वाफेत शिजवून टाकून देतो."

"सगळ्या?"

"सगळ्या, सर. नियम आहे."

अमरसिंहनी मान हलवली. तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी लघवीची डबी घेऊन आलं, आणि नीला उठली.

*

चौथ्या दिवशी ती हमिदाबीला भेटायला गेली. खाटेवर हमिदाबी, उजवा हात पांढरा आणि मोठा, उशीवर ठेवलेला. पायाशी सून निखत संत्र सोलत होती. नीलानं उभ्यानंच सगळं सांगितलं. चकत्या, घडी, तीन आठवडे. हे आपण विष्णुपंतांना, डॉक्टरांना, दोघांना सांगितलं तेव्हा जमलं, इथं शब्द पायात येत होते.

हमिदाबीनं ऐकून घेतलं.

"म्हंजे ते किडं सोंग घेऊन बसलं हुतं?"

"सोंग नाही. त्याला गरज नव्हती. कुणी शेजारी आलं की मगच ते जागं होतं."

"आमच्या निखतसारखं की मग. सासू घरात हाय तवर हिला चूल कुठं हाय ते म्हाईत नस्तंय. सासू दवाखान्यात निजली की समदं येतंय. काल बिर्याणी केली म्हनं!"

"अम्मी, तुम्ही चुलीपाशी जाऊ कुठं देता?" निखत संत्र्याची फोड तिच्या तोंडाशी नेत म्हणाली. "खावा."

हमिदाबीनं फोड चघळली. बी डाव्या हातावर काढली, ती कुठं टाकायची ते तिला सुचेना. निखतनं घेतली.

"तुझी चूक हाय म्हनतीस," हमिदाबी म्हणाली.

"हो."

"आन् सांगाय आलीस."

"हो."

"मी आता काय म्हनावं आसं वाटतंय तुला? जाऊ दे म्हनू?" तिचा आवाज चढला नव्हता. "न्हाय म्हनवत, नीलाबाय. अंगठा हाय तो. तू बस. उबी ऱ्हाऊ नको, तुजे पाय सुजल्यात. पन जाऊ दे मी न्हाय म्हननार."

नीला बसली. निखतनं तिलाही दोन फोडी दिल्या. तिनं त्या खाल्ल्या. आंबट होत्या. पाच वाजता भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा हमिदाबीचा डोळा लागला होता.

*

अंगठा राहिला. हाडाचा किडका भाग खरवडून काढावा लागला आणि वरचा सांधा वाकत नाही. डॉक्टर शिवप्रिया म्हणाल्या, दहा दिवस थांबलो असतो तर मुळापासून गेला असता.

नवरात्रात बांगड्या भरायला निखत बसली. हमिदाबी शेजारी स्टुलावर बसून तोंडानं भरत होती: "दाब. तिथं न्हाय, मुळाशी दाब. आगं, हाड हाय ते, लोणी न्हाय." एका बाईच्या हातावर लागोपाठ तीन बांगड्या वाढल्या. रांग पहिल्यापेक्षा आखूड होती.

लॅबमध्ये आता ई-१५ आणि सीडी-२ शेजारी शेजारी ठेवतात. पहिल्या महिन्यात नीलाला आणखी चार गोल चेपलेले दिसले. चारही वेळा तिनं फोन केला, लिहिलं, सही घेतली, प्लेट शिजवायला टाकली. काम तेवढंच आहे. घोटे संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात.

ऑगस्टमधल्या त्या पहिल्या प्लेटवर बारा चकत्यांची जागा होती आणि नीलानं अकराच ठेवल्या होत्या. रिकामी राहिलेली जागा ई-१५ ला लागून होती. सीडी-२ तिथं मावली असती.